लिलावातील सचोटी आणि शेतकऱ्याची सेवा

सकाळी नऊच्या सुमारास नाशिक जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या कांदा बाजाराच्या आवारात जाऊन पाहावे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि पिकअप गाड्या एकामागे एक ओळीने लागलेल्या असतात. त्यांतील कित्येक आदल्या रात्रीच येऊन उभ्या राहिलेल्या असतात व त्यांचे धनी ट्रॉलीच्याच आडोशाला घोंगडी पसरून पडलेले असतात. बाजार समितीचा लिलाव पुकारणारा कर्मचारी पुढे आणि खरेदीदारांचा घोळका त्याच्यामागे, असा तो ताफा गाडीगाडीपाशी थांबत सरकू लागतो. फाळका उघडला जातो, चार कांदे खाली गडगडतात. कोणी एक कांदा उचलून अंगठ्याने दाबून पाहतो, कोणी त्याची मान तपासतो, कोणी पत्तीचा रंग पाहतो. बोली निघते, दहा-वीस रुपयांनी चढते, थांबते, आणि घोळका पुढच्या गाडीकडे वळतो. या साऱ्यास पुरते एक मिनिटही लागत नाही. कार्तिकाच्या सुमारास रोप टाकल्यापासून चैत्र-वैशाखात काढणी होईपर्यंत पाच-सहा महिने एका कुटुंबाने जे कष्ट केले, जे पाणी राखले व जे कर्ज काढले, त्या सर्वांचा निवाडा त्या एका मिनिटात झालेला असतो.

लागवड, खते, रोग व किडी यांविषयी अशा पत्रिकांतून पुष्कळ लिहिले जाते आणि ते आवश्यकही आहे. परंतु फाळका उघडल्यानंतर काय घडते व काय घडावयास हवे, याविषयी आपण कृषि खात्यातील माणसे सहसा मौन बाळगतो. तो पणन खात्याचा विषय, असे म्हणून आपण बाजूस होतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र शेत आणि बाजार यांच्यामध्ये अशी भिंत नसते. म्हणून प्रस्तुत लेखात लिलावाच्या व्यवहारातील सचोटी आणि त्या व्यवहारात शेतकऱ्याची होणारी अथवा न होणारी सेवा, यांचा थोडा विचार करावयाचे योजिले आहे.

उघड लिलाव ही आज आपणांस स्वाभाविक गोष्ट वाटते. पण ती तशी नव्हती. पूर्वी आपल्याकडे सौदे होत ते हत्ता पद्धतीने. अडत्या आणि खरेदीदार उपरण्याखाली किंवा रुमालाखाली हातात हात घालीत आणि बोटे दाबून भाव ठरवीत. कोणते बोट धरले म्हणजे किती, हे त्या दोघांसच ठाऊक. ज्याचा माल तो शेतकरी चार हातांवर उभा राहून त्या झाकलेल्या रुमालाकडे पाहत असे. एकाने किती देऊ केले, दुसऱ्याने किती, अखेर सौदा सर्वांत चढ्या भावास झाला की ओळखीच्या माणसास झाला, हे समजण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नव्हता. गुरांच्या कित्येक बाजारांत हा रुमाल आजही पाहावयास मिळतो. जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा, म्हणजे उघड बोलीचे मोल ध्यानात येईल.

या झाकलेल्या व्यवहारास आळा घालण्याचा प्रयत्न आपल्याच मुलखात प्रथम झाला, ही अभिमानाची गोष्ट होय. वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. पुढे शाही कृषि आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई प्रांताचा शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ मध्ये आला, आणि आज ज्याच्या आधारे बाजार समित्या चालतात तो महाराष्ट्राचा अधिनियम १९६३ चा आहे. योगायोगाची गोष्ट अशी की, कारंजानंतर एकाच वर्षाने, १८८७ मध्ये, हॉलंडमधील ब्रुक-ऑप-लांगडाइक या गावी भाजीचा लिलाव सुरू झाला. तेथील बागाईतदार कालव्यांतून नावांनी माल आणीत. पुढे तेथे घड्याळाचा लिलाव आला : काटा चढ्या भावावरून खाली उतरत जातो आणि जो खरेदीदार प्रथम कळ दाबतो त्यास माल मिळतो. आपल्याकडे बोली खालून वर चढते, तिकडे वरून खाली उतरते. पद्धत उलटी असली तरी हेतू एकच, की भाव सर्वांदेखत ठरावा.

परंतु रुमाल गेला म्हणजे सर्व उघड झाले, असे समजण्याचे कारण नाही. बोली मोठ्याने पुकारली जाते हे खरे. पण बोलणारेच आपसांत ठरवून आले असतील, तर मोठा आवाज हाही एक रुमालच ठरतो. आज या ओळीत तू घे, त्या ओळीत मी घेतो, अशी वाटणी चहाच्या टपरीवर झाली, तर पुढे दहा व्यापारी असोत की वीस, शेतकऱ्याच्या वाट्यास स्पर्धा येत नाही. अशा संगनमताचा पुरावा सहसा हाती लागत नाही. त्याची लक्षणे मात्र बाजारात नियमाने बसणाऱ्याच्या ध्यानात येतात. एकाच प्रतीच्या दोन गाड्या, एक ओळीच्या आरंभी व एक शेवटी. दोहोंच्या भावात मोठे अंतर. पहिल्या बोलीनंतर सर्वत्र शांतता. आणि ‘झाले, झाले’ म्हणून पुकारणाऱ्याने केलेली घाई. लिलाव पुकारणारा कर्मचारी समितीचा असतो, व्यापाऱ्याचा नव्हे. त्याने तीन वेळा पुकारून क्षणभर थांबावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्या क्षणात आणखी एक बोली येते की नाही, यावर कोणा घराची शाळेची फी अवलंबून असते, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावयास हवे. माझ्या समजुतीप्रमाणे बाजारातील सर्वांत मोठ्या जबाबदारीचे काम हेच असून त्यासाठी सर्वांत थोडे शिक्षण दिले जाते.

बोली मान्य नसल्यास माल न देण्याचा अधिकार विक्रेत्यास आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. हा अधिकार पुष्कळांस ठाऊक असतो; पण भाड्याचा ट्रॅक्टर उभा असताना, घर चाळीस किलोमीटर दूर असताना आणि उद्या भाव याहून उतरेल अशी धास्ती असताना तो वापरणे सोपे नसते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. लिलावाच्या धंद्यात गिऱ्हाईक कोण? किराणा दुकानदारास हा प्रश्न पडत नाही; जो पैसे देतो तो गिऱ्हाईक. लिलावाच्या व्यवहारात मात्र दोन बाजू असतात आणि मध्ये उभा असलेला माणूस दोघांचेही देणे लागतो. पुणे, सोलापूर किंवा वाशी येथील बाजारांत शेतकरी आपला माल अडत्याच्या गाळ्यावर उतरवितो. कित्येकदा तो स्वतः जातही नाही. पट्ट्या लावलेल्या गोण्या ट्रकने पाठवितो आणि पट्टी येण्याची वाट पाहतो. अशा वेळी अडत्या हा त्याचा प्रतिनिधी, किंबहुना विश्वस्त असतो. २०१६ पर्यंत फळे व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असे. त्या वर्षीच्या जुलैत शासनाने ती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरविले, व्यापाऱ्यांनी बंद पुकारला, आणि अखेर नवी रीत रुळली. शेतकऱ्याचा भार त्यायोगे हलका झाला, यात शंका नाही. परंतु एक नाजूक प्रश्न त्यातून उभा राहिला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. अडत देतो खरेदीदार. मग अडत्याने हित कोणाचे पाहावयाचे? याचे उत्तर माझ्या मते निःसंदिग्ध आहे. माल ज्याने विश्वासाने सोपविला, त्याचे. वकिलाची फी कोणाच्याही खिशातून आली तरी तो अशिलाचाच वकील असतो.

या विश्वासाचा भंग कसा होतो, हे अनुभवी शेतकरी जाणतात. अडत्याने दुसऱ्याच्या नावावर स्वतःच माल उचलावा व दुपारी चढ्या भावाने विकावा; दोन शेतकऱ्यांच्या गोण्या एकत्र विकून भावाची सरासरी मर्जीप्रमाणे वाटावी; दहा गोण्यांतील एक ‘नमुन्यास गेली’ म्हणून सांगावे. नमुन्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तासगाव व सांगलीकडे बेदाण्याच्या सौद्यांत बॉक्स फोडून मुठीमुठीने माल पाहिला जातो आणि पाहिलेला बेदाणा जमिनीवर सांडून तुडविला जातो, ही तेथील उत्पादकांची जुनी तक्रार आहे. एका बॉक्समागे चिमूटभरच. पण तो चिमूट ज्याच्या शेडवर वाळला त्याच्या डोळ्यांदेखत पायदळी जातो. पाहिलेला माल पुन्हा बॉक्सात टाकण्यास खर्च काही येत नाही.

कांद्याच्या बाजारात कसोटी लागते ती ओळीत नव्हे, खळ्यावर. ज्यांस या बाजाराची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावे लागेल. बोली तुटली की सौद्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हाती येते. ती घेऊन भरली गाडी भुईकाट्यावर जाते, तेथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन खाली होते, पुन्हा मोकळ्या गाडीचे वजन होते, आणि मग हिशेबपट्टी. लिलाव उघड्यावर, समितीच्या माणसासमक्ष झालेला असतो. खळे मात्र व्यापाऱ्याचे असते. तेथे माल खाली होऊ लागला म्हणजे मुनीम म्हणतो, ‘खालचा माल ओला निघाला,’ किंवा ‘गोल्टी फार आहे, या भावाने परवडणार नाही.’ यास बाजारभाषेत वांधा निघणे म्हणतात.

मी कृषि महाविद्यालयात शिकत असतानाची गोष्ट. सुट्टीत वडिलांसमवेत उन्हाळी कांद्याची ट्रॉली घेऊन मी एका बाजारात गेलो होतो. बोली ६४० रुपये क्विंटलवर तुटली. माझ्या वडिलांना ती पसंत पडली. आदल्या दिवशीपेक्षा ती वीस रुपयांनी अधिक होती. खळ्यावर अर्धी ट्रॉली रिकामी झाली असता मुनिमाने दोन कांदे कापून दाखविले व ५८० देतो म्हणून सांगितले. ते दोन कांदे खरोखरच खराब होते. पण ते आमच्याच ट्रॉलीतले होते की खळ्यावर आधीच पडलेल्या ढिगातले, हे मी आजही सांगू शकत नाही. वडील म्हणाले, ‘शेठ, सौदा तर सर्वांसमोर झाला.’ मुनीम म्हणाला, ‘मग भरा पुन्हा.’ तेरा क्विंटल कांदा खाली पडलेला, दिवस मावळतीला आलेला, ट्रॅक्टर भाड्याचा. भरणार कोण? एकूण माल २६ क्विंटल भरला. क्विंटलमागे साठ रुपये, म्हणजे १,५६० रुपये गेले. परतीच्या वाटेवर वडील एक शब्द बोलले नाहीत. घरी आईने किती भाव मिळाला म्हणून विचारले, तेव्हा त्यांनी ‘५८०’ एवढेच सांगितले. ६४० चा उल्लेखही केला नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. पुढे कळले की, फसविले गेल्यापेक्षा फसविले गेल्याचे सांगावे लागणे माणसाला अधिक जड जाते.

वांध्यावर उपाय नाही असे नाही. माल खाली करण्यापूर्वी, खळ्याच्या दाराशी, ट्रॉलीच्या मधल्या व तळच्या थराची पाहणी दोघांसमक्ष व्हावी. भावात फरक करावयाचा असल्यास तो समितीच्या कर्मचाऱ्यास बोलावून त्याच्यापुढेच व्हावा. आणि एकदा फाळका पूर्ण खाली सुटला की चिठ्ठीवरील भाव हाच भाव. शेतकऱ्याने आपल्या बाजूने एवढे करावे की, व्यापाऱ्याने खळ्यावर भाव पाडला तर ट्रॉली आणखी रिकामी होऊ न देता प्रथम समितीच्या कार्यालयास कळवावे. अर्धा माल गाडीत असेपर्यंत बोलण्याला वजन असते.

हे सर्व लिहिताना एक दुसरी हकीकतही सांगणे मला प्राप्त आहे. ती सांगितली नाही तर हा लेख एकांगी होईल. पुढच्याच हंगामात थोरल्या बंधूंनी व मी मिळून ट्रॉली भरली. आदल्या वर्षीचा सल मनात होताच. आम्ही तळाशी गोल्टी, जोड कांदा व डेंगळे यांचा थर दिला आणि वर निवडक माल रचला. वडिलांना हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी माल एका वयोवृद्ध व्यापाऱ्याने घेतला. खळ्यावर तळ उघडा पडला, तेव्हा त्यांनी हमालांना थांबविले, वडिलांना हाक मारून जवळ बोलाविले आणि म्हणाले, ‘आबा, माल तुमचा चांगला आहे. हा खालचा थर तुमचा नाही, पोरांचा आहे.’ नंतर त्यांनी तो थर वेगळा काढून त्याचे वजन वेगळे केले, त्यास गोल्टीचा चालू भाव लावला, उरलेल्या मालास बोलीचाच भाव दिला, आणि पट्टीवर दोन्ही ओळी स्वतंत्र लिहून वडिलांची सही घेतली. आवाज चढविला नाही. बोलीच्या भावातून एक पैसाही तोडला नाही.

पुढच्या आठवड्यात आमची ट्रॉली ओळीत असताना ते आले, फाळक्यापाशी थांबले, वडिलांना नमस्कार केला आणि बोली न लावता पुढे गेले. त्या दिवशी आमचा माल शेजारच्या गाडीहून चाळीस रुपयांनी खाली गेला. वडिलांनी आम्हा दोघांना घरी आणल्यावर रात्री कंदिलाच्या उजेडात सबंध चाळ निवडावयास लावली. तिसऱ्या ट्रॉलीच्या वेळी त्या वृद्ध गृहस्थांनी पुन्हा बोली लावली. दरम्यान त्यांच्यात व वडिलांत या विषयावर एक अक्षरही निघाले नाही.

सारांश काढण्यासाठी ही हकीकत सांगितली नाही. परंतु लिलाव ही काही सेकंदांची पाहणी आहे आणि त्या पाहणीत व्यापारी वरचा थर पाहून खालच्या थराविषयी शेतकऱ्यावर भरवसा टाकत असतो, हे आम्हांस त्या वर्षी उमगले. ज्या बाजारात तळाशी गोल्टी भरण्याची वहिवाट पडते, तेथे प्रत्येक व्यापारी पहिली बोलीच तेवढ्याने कमी लावतो, आणि प्रामाणिक शेतकऱ्यास दुसऱ्याच्या लबाडीचा दंड भरावा लागतो.

येथे कृषि अधिकारी या नात्याने दोन शब्द सांगणे उचित होईल. पुष्कळ वांधे लबाडीमुळे नव्हे, तर घाईने काढलेल्या व न सुकविलेल्या कांद्यामुळे निघतात. काढणीनंतर कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतातच, एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचा कांदा झाकला जाईल अशा रीतीने वाळू द्यावा. मग सुमारे तीन सेंटिमीटर मान ठेवून पात पिळून कापावी आणि कांदा दहा-पंधरा दिवस सावलीत सुकवावा. मान बारीक होऊन मिटते, पत्ती सुटत नाही आणि ओल आत राहत नाही. त्यानंतर मोठा, मध्यम व गोल्टी अशी प्रतवारी करून, जोड, डेंगळे व चिंबलेला कांदा बाजूस काढून प्रत्येक प्रत वेगळी विकावी. मिसळलेल्या मालास बोली सर्वांत हलक्या कांद्याकडे पाहून लागते, हे कोणीही अनुभवी शेतकरी सांगेल.

वजनाविषयी फार लिहावयास नको. काट्यावर वैध मापन शास्त्र विभागाची मुद्रा आहे की नाही व ती कोणत्या सालची आहे, हे पाहण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. भरल्या व मोकळ्या गाडीचे वजन एकाच काट्यावर व्हावे. मोकळ्या गाडीच्या वेळी चालक खाली उतरला आणि भरल्याच्या वेळी वर बसलेला होता, असे होऊ नये. हा नियम दोन्ही पक्षांस सारखाच लागू आहे, आणि शेतकऱ्यांनीही त्याचा गैरफायदा घेतल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. कडता किंवा सूट या नावाने वजनात घट धरणे मात्र सर्वथा गैर होय. कायद्याने विहित केलेली नाही अशी कोणतीही सूट व्यापाऱ्याने मागू नये व शेतकऱ्याने देऊ नये.

हिशेबपट्टी हा मात्र सविस्तर विचाराचा विषय आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत सोलापूरच्या बाजारातील एका पट्टीची वार्ता देशभर गाजली होती. एका शेतकऱ्याने दहा गोण्या कांदा आणला. वजन ५१२ किलो भरले, भाव किलोस एक रुपया मिळाला, आणि वाहतूक, हमाली, तोलाई इत्यादी वजा जाता हाती उरले २ रुपये ४९ पैसे. त्यापोटी त्यास दोन रुपयांचा धनादेश मिळाला, आणि तोही पुढील तारखेचा. खर्च मालाच्या किमतीहूनही अधिक झाला आणि शेतकऱ्यानेच घरून पैसे भरावे अशी पाळी आली, म्हणजे त्यास उलटी पट्टी म्हणतात. सोलापूरची पट्टी उलटी होण्यापासून अडीच रुपयांनी वाचली, एवढेच.

त्या पट्टीतील बेरीज-वजाबाकी अंकास अंक बरोबर असेलही. त्या दिवसांत भाव कोसळले होते, मालाची प्रतही हलकी असू शकेल. परंतु बेरीज बरोबर आहे म्हणून सेवा बरोबर झाली, असे म्हणता येत नाही. दोन रुपयांस पुढली तारीख घालणाऱ्या हाताने त्या कागदाकडे पाहिलेच नव्हते. आणि खरा प्रश्न त्या धनादेशाच्याही आधीचा आहे. ज्या अडत्याला त्या आठवड्यातील हलक्या मालाचा भाव ठाऊक होता, त्याने गाडी गावाहून निघण्यापूर्वी एक फोन केला असता तर? ‘दादा, या प्रतीच्या मालाला सध्या वाहतूकही सुटणार नाही, थांबा किंवा निवडून निम्माच आणा,’ एवढे सांगण्यास दोन मिनिटे लागतात. त्यात अडत्याचे त्या दिवसाचे नुकसान आहे, कारण माल आला नाही तर अडतही नाही. तरीही असे फोन करणारे अडत्ये मी पाहिले आहेत. त्यांच्या गाळ्यावर दोन-दोन पिढ्यांचे शेतकरी येतात, आणि मंदीच्या वर्षात शेजारचे गाळे रिकामे असताना तेथे माल उतरत असतो.

पट्टीवर काय असावे? मालाची प्रत, गोण्यांची वा गाडीची संख्या, वजन, बोलीचा भाव, खरेदीदाराचे नाव. आणि खाली वजावटीची प्रत्येक बाब तिच्या नावानिशी व दरानिशी. हमाली व तोलाईचे दर समितीच्या फलकावर लावलेले असतात, ते पट्टीशी ताडून पाहावेत. या दरांबाबत हमालांना दोष देण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. पन्नास किलोची गोणी दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या त्या माणसांच्या हिताचा कायदा राज्याने १९६९ मध्येच केला, आणि त्यांचे रास्त दाम हे कोणी उपकार म्हणून द्यावयाचे नाही. त्यांच्या लेव्हीचा भार कोणी सोसावा, यावरून २०२४ च्या एप्रिलात नाशिक जिल्ह्यातील लिलाव दिवसेंदिवस बंद राहिले आणि शेतकऱ्याचा काढलेला कांदा उन्हात पडून राहिला. व्यापारी व हमाल यांचा वाद. त्यात कोणताही पक्ष नसलेला शेतकरी त्यासाठी वेठीस धरला गेला. बंद पुकारावयाचाच असल्यास आठ दिवस आधी गावोगाव कळवावे, एवढी तरी रीत पाळली जावी.

पैसे चुकते करण्याची बाबही तशीच. विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी मिळावे, हा नियम आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर रोखीऐवजी धनादेशाची वहिवाट वाढली, आणि न वटलेले धनादेश घेऊन समितीत हेलपाटे घालणारे शेतकरी मी पाहिले. आज बँकेतून थेट खात्यावर रक्कम येते, ही चांगली सोय आहे. मात्र रक्कम खात्यावर जमा झाल्याचा संदेश येईपर्यंत मूळ पट्टी कोणाच्याही हाती देऊ नये. व्यापाऱ्याकडे समितीचा चालू परवाना आहे ना, हे आधी पाहावे. शिवारात येऊन चार पैसे अधिक देऊ करणाऱ्या अनोळखी खरेदीदारास उधारीवर माल देणे म्हणजे लिलावाचे सर्व संरक्षण आपण होऊन सोडून देणे होय. राष्ट्रीय कृषि बाजाराची संगणकीय व्यवस्था २०१६ च्या १४ एप्रिलपासून सुरू झाली. तीत बोली पडद्यावर लागते व कोणी किती लावली याची नोंद राहते, ही मोठीच गोष्ट आहे; तथापि पडद्यावरील बोलीनंतरही माल अखेर कोणाच्या तरी खळ्यावरच उतरावयाचा असतो.

पिण्याचे पाणी, सावली, रात्री मुक्कामाची जागा, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह, या सोयींचा उल्लेख प्रत्येक समितीच्या अहवालात असतो. त्या प्रत्यक्षात आहेत की नाहीत हे पाहावयाचे असल्यास अहवाल न वाचता रात्री अकरा वाजता आवारात जावे.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या कार्यक्षेत्रातील एका बाजारात मी चाळीतील कांद्याच्या साठवणुकीविषयी पत्रके वाटत होतो. साधारण पन्नाशीची एक शेतकरी भगिनी पट्टी हातात घेऊन माझ्याकडे आली. यजमान दोन वर्षांपूर्वी वारलेले. मळ्यातील माल ती स्वतःच पिकअप ठरवून आणीत असे. ‘साहेब, एवढं वाचून द्या,’ असे ती म्हणाली. वजन, भाव, हमाली, तोलाई, सर्व जेथल्या तेथे होते. सर्वांत खाली एक ओळ होती : ‘इतर, ६० रुपये.’ इतर म्हणजे काय, हे मलाही सांगता येईना. मी तिच्याबरोबर त्या व्यापाऱ्याच्या पेढीवर गेलो व कारकुनास तेवढेच विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, पट्टीवरची ती ओळ खोडली, बाजूस सही केली, आणि गल्ल्यातून साठ रुपये काढून तिच्यापुढे ठेवले. चूक झाली असे तो म्हणाला नाही, आणि वादही घातला नाही.

बाहेर आल्यावर तिने नोटा पदराच्या गाठीला बांधल्या. मग पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक लहानशी गुंडाळी काढली. त्या हंगामातल्या तिच्या साऱ्या पट्ट्या तिने तारीखवार जपून ठेवल्या होत्या. एकंदर अकरा होत्या. ओट्याच्या कडेला बसून आम्ही त्या एकेक उलगडल्या. नवांवर ती ओळ होती. ‘चला,’ ती म्हणाली, आणि आम्ही पुन्हा आत गेलो.